दार लावलं तेव्हा रस्सा उकळत होता

या वर्षाच्या एक जानेवारीला, सकाळी नऊच्या ठोक्याला, अकोल्यातल्या एका चर्चच्या मागच्या अंगणात मटणाचा रस्सा ढवळत उभ्या असलेल्या सहा बायकांवर अन्याय झाला. त्यातली एक माझी आत्या. अन्याय करणारे सगळे चांगले लोक होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे माझा तोल जाईल आणि मग ते सांगायचं राहून जाईल.

आत उपदेश चालू होता की प्रभू येशू परत येणार आहे, कोणत्या घटकेला ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून नव्या वर्षात तयार राहा. आणि अख्ख्या मंडळीचं जेवण तयार करणाऱ्या बायका बाहेर होत्या, दाराला आतून कडी होती. हे मी पाहिलं. मीसुद्धा बाहेरच होते, कांदा चिरत.

मी अमरावतीची. आमच्या चर्चच्या युवक संघासाठी पत्रकं लिहिते. पंचकमिटीत बायका काहून नाहीत, असं पत्रक मी एकदा काढलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की कमिटीत एक बाई घेतली आणि तिला चहाचं खातं दिलं. तेव्हापासून मी परिणामांबद्दल बोलत नाही, पत्रकं मात्र काढते. गेल्या डिसेंबरात काढलेल्याचं नाव होतं, 'तो आज आला तर?' गुलाबी कागद, मोठी अक्षरं, खाली प्रश्न: तुमचं मन तयार आहे का? बस स्टँडवर वाटायला उभी राहिले. धारणीच्या गाडीच्या कंडक्टरनं एक घेतलं, पूर्ण वाचलं, आणि गंभीरपणे विचारलं, आज म्हणजे आमची गाडी सुटायच्या आधी का नंतर. मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नाही. तो म्हणाला, मंग आमच्या डेपोसारखंच हाये. पण पत्रक त्यानं घडी करून खिशात ठेवलं, हेही सांगायला हवं.

नाताळ झाल्यावर मी आत्याकडे अकोल्याला गेले तेव्हा उरलेला गठ्ठा सोबत होता. आत्यानं चष्मा लावून एक वाचलं. मग तिनं विचारलं, हे तू लिहिलं का. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता कौतुक. ती म्हणाली, "मंग लोकाइले काय विचारतं. मले विचार ना. मी नाई तयार. मोर्शीवालीचं राहिलं हाये."

आत्या प्रभूच्या येण्याची तयारी कशी करते ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. दरवर्षी नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात ती करंज्यांचा डबा घेऊन घरोघर जाते आणि वर्षभरात ज्यांच्याशी वाजलं त्यांची माफी मागते. प्रभू आला तर कुणाशी अबोला असलेला सापडू नये, एवढंच तिचं धर्मशास्त्र. मला ते आजही पटतं. अडचण तिच्या वाक्यात आहे. ती म्हणते, माझं काही चुकलं असन तर माफ करा. या 'असन तर'मुळे समोरचा माणूस आठवायला बसतो. एका घरी तिला तिच्या तीन चुका सांगण्यात आल्या, त्यातल्या दोन तिला मान्य नव्हत्या. ती रिकामा डबा आणि भरलेलं डोकं घेऊन घरी आली, आणि दोन दिवसांनी त्याच घरी त्या दोन चुकांवरून झालेल्या भांडणाची माफी मागायला पुन्हा करंज्या घेऊन गेली. करंज्या जास्त कराव्या लागतात त्या याच्यामुळे.

एकच घर वर्षानुवर्षं सुटायचं, मोर्शीवालीचं. या बाईचं माहेर मोर्शीचं. चर्चच्या गायनात असतात, आवाज असा की ऑर्गन वाजवणारा भाऊ अर्ध्या गीतात थांबला तरी कुणाला कळत नाही. आत्या आणि त्या मिळून वर्षारंभाच्या प्रीतिभोजनाचा रस्सा करायच्या. आमच्याकडे एक जानेवारीला उपासना झाली की सगळी मंडळी एका पंगतीत जेवते. त्यातल्या एका वर्षी रस्सा खारट झाला. साधा खारट नाही, तेव्हाच्या पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि आधी पाणी मागितलं, इतका. आत्या म्हणाली, मीठ मोर्शीवालीनं टाकलं. मोर्शीवाली म्हणाल्या, आत्यानं. खरं म्हणजे दोघींनीही टाकलं होतं, एकमेकींचा भरवसा नसल्यामुळे, आणि गंज, म्हणजे रश्श्याचं पातेलं, केवढा मोठा, त्यामुळे प्रत्येकीनं दुसरीच्या वाट्याचंही टाकलं होतं.

हसू येतं. मलाही यायचं. पण तेव्हापासून माझ्या आत्यानं प्रभुभोजन घेतलं नाही. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे इवले प्याले तिच्यापर्यंत आले की ती हात जोडायची आणि ताट पुढे द्यायची. मनात गाठ ठेवून घ्यायचं नसतं, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. सगळ्या मंडळीला जेवू घालणारी बाई प्रभूच्या मेजावर उपाशी, आणि मोर्शीवाली दर महिन्याला घेऊन वर गीतही म्हणायच्या. आत्याची गाठ दर महिन्याला थोडी घट्ट व्हायची ती इथं.

म्हणून एकतीस डिसेंबरच्या दुपारी आम्ही करंज्या घेऊन मोर्शीवालीकडे निघालो. माझ्या पत्रकाचा आजवरचा हा सगळ्यात मोठा विजय, आणि तो माझ्याच घरात झाला.

मोर्शीवाली संत्री सोलत बसल्या होत्या. आत्याला दारात पाहून त्यांच्या हातातली फोड तशीच राहिली. सलाम झाला, पाणी झालं. मग आत्यानं सांगितलं की त्या वर्षी मीठ तिनंच टाकलं होतं. मोर्शीवाली म्हणाल्या, नाही, मीच टाकलं होतं. आत्या म्हणाली, तुम्ही टाकलं असेल थोडं, पण खारट झालं ते माझ्यामुळे. मोर्शीवालींनी हे ऐकून घेतलं नाही. त्यांच्या मते त्यांचा हात मोठा, त्यामुळे दोष त्यांचाच मोठा. इतकी वर्षं ज्या दोषाचं ओझं दोघी एकमेकींवर टाकत होत्या त्यासाठी आता ओढाताण सुरू झाली, आवाज चढले, आणि मला वाटलं की माफीवरूनच नवं भांडण होऊन आम्ही घरी जाणार. शेवटी मोर्शीवालींच्या सुनेनं आतून सांगितलं की दोघींनी अर्धं अर्धं घ्या आणि चहा प्या. त्यावर दोघी हसल्या. मग रडल्या. संत्र्याचे हात एकमेकींच्या पदराला पुसले.

निघताना मोर्शीवाली म्हणाल्या, उद्या प्रभुभोजनाच्या वेळी माझ्या शेजारी बस, जागा धरून ठेवते. घराशी आल्यावर आत्यानं विचारलं, द्राक्षरस अजून तसाच गोड असतो का.

आता अकोल्याच्या कमिटीकडे येते. तिथंही एक बाई आहे, तीही चहाच्याच खात्यावर.

आमची माणसं उपासनेला उशिरा येतात, हे खरं आहे. पहिलं गीत पाळकसाहेब आणि भिंती म्हणतात, दुसऱ्याला म्हातारे येतात, उपदेशाला तरुण, आणि आशीर्वादाच्या वेळी सगळी मंडळी पूर्ण भरते. पाळकसाहेब नवे, वयानं माझ्याहून फार मोठे नाहीत, मनापासून काम करणारे. त्यांना वाटलं, दहा कुमारींची गोष्ट सांगायची तर ती दाखवूनच सांगावी. पाच जणींच्या दिव्यात तेल होतं, त्या नवरदेवाबरोबर आत गेल्या. पाच जणींकडे नव्हतं, त्या आणायला गेल्या तोवर दार लागलं. तर एक जानेवारीला नऊला दार लावायचं, जो राहील तो बाहेर, म्हणजे लोकांना कळेल. कमिटीला ही कल्पना फार आवडली, कारण कमिटी स्वतः वेळेवर येणार होती. दोन रविवार सूचना दिली. उशिरा आल्यामुळे लोकांनी ती ऐकली नाही, पण ते वेगळं.

एवढ्या सगळ्या पुरुषांच्या बैठकीत, एक चहावाली बाई धरून, कुणाच्याही डोक्यात आलं नाही की नऊ वाजता रस्सा चुलीवर असतो. इतकी वर्षं काय व्हायचं, तर बायका आळीपाळीनं आत जायच्या, बाजूच्या दारातून, चपला न वाजवता, शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेऊन परत धुरात. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी पाहिलंही नव्हतं, म्हणून तर बंद झालं ते कुणाला कळलं नाही. त्या दिवशी बाजूच्या दाराला सेक्रेटरीकाकांनी कुलूप लावलं, पुढच्या दाराला आतून कडी लागली, आणि दोन पंच छाती काढून उभे राहिले.

आत्यानं रस्सा दुसरीच्या हवाली केला, हात धुतले, पदर सारखा केला आणि बाजूच्या दाराशी गेली. दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग ती पुढच्या दाराशी गेली. तिथं जाळीतून एका पंचानं तिला हळू आवाजात सांगितलं की बाई, वेळ झाली, आता दार उघडता येणार नाही, उदाहरण आहे. तो तिचाच रस्सा खाणार होता. ती परत आली आणि तिनं झारा हातात घेतला.

मी घोषणा द्यायच्या बेतात होते. मला हे चांगलं येतं. रस्सा देऊ नका, गंजाला झाकण घाला, उपाशी बसू द्या, असंही मी बायकांना सुचवलं. दोघी तयार झाल्या. पण आत्यानं माझं मनगट धरलं.

"मले राग आणू नको, पोरी. कालच मन धुतलं, अजून ओलं हाये. डाग नको पाडू."

एवढं बोलून ती खरंच राग न येऊ देण्याचं काम करायला लागली. ओठ मिटून, डोळे गंजावर. मी आयुष्यात इतकं कष्टाचं काम कुणाला करताना पाहिलं नाही. खिडकीतून लाऊडस्पीकरवर पाळकसाहेबांचा आवाज येत होता. ते विचारत होते, आज बाहेर कोण राहिलं, मूर्ख कुमारी कुठं आहेत, त्यांचं तेल कुठं आहे. आतली मंडळी सुस्कारे सोडत होती. सांबार निवडणारी एक बाई, म्हणजे पुण्याच्या भाषेत कोथिंबीर निवडणारी, मान वर न करता म्हणाली, "तेल तर अख्खा डबा आपल्यापाशीच हाये वं." आम्ही सगळ्या हसलो. आत्यासुद्धा. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मोर्शीवाली बाहेर आल्या. शेजारची जागा रिकामी राहिलेली पाहून त्यांनी पंचांना सांगितलं की मला घेरी येते. जाणाऱ्याला सोडायचं नाही असा नियम नव्हता, फक्त परत घ्यायचं नाही असा होता. त्या आल्या आत्याला शोधायला, हे मला नक्की ठाऊक आहे. पण माणसाची सवय. चुलीशी आल्या, झाकण उचललं, पळीत घेतलं, फुंकून थेंबभर हातावर ओतलं, चाखलं, आणि आत्याकडे पाहण्याच्या आधी म्हणाल्या, "मीठ कमी हाये."

पुढचं मी सविस्तर सांगत नाही. आत्यानं विचारलं, चाखायला आल्या का मला बोलवायला. मोर्शीवाली म्हणाल्या, बोलवायलाच आले, पण वाटेत गंज लागला तर काय डोळे मिटून जायचं. मग जुनं वर्ष निघालं. मग त्याच्या आधीचं. काल दोघींनी अर्धा अर्धा वाटून घेतलेला दोष आज दोघींनी व्याजासकट परत केला. पाच मिनिटं लागली नसतील. आणि मग आत्या सरपणाच्या ढिगावर बसली, झारा मांडीवर, आणि तोंडाला पदर लावला. ती म्हणत होती, गेलं, इतक्या वर्षांनी तयार झाले होते, तेही गेलं. आत प्रभुभोजनाचं गीत सुरू झालं होतं, मोर्शीवालींच्या आवाजाशिवाय, म्हणून बारीक.

तेव्हा मी खिडकीशी गेले. गजाला तोंड लावून मी बोलले, आणि गीताच्या दोन कडव्यांच्या मध्ये बोलले, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, बाहेर मूर्ख कुमारी नाहीत. तुमचा स्वयंपाक करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना प्रभुभोजन हवं आहे."

पाळकसाहेब थांबले. माइक चालू होता, त्यामुळे त्यांचा श्वासही अंगणात ऐकू आला. सेक्रेटरीकाका उठून काही उदाहरणाबद्दल सांगायला लागले. पाळकसाहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांनी भाकरीचं ताट उचललं, एका पंचाला प्याल्यांचं ताट उचलायला लावलं, कडी काढायला सांगितली आणि चर्चला वळसा घालून मागं आले. काय होतंय ते पाहायला मंडळी त्यांच्यामागे आली. ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी दार लावलं होतं त्यांच्याकडे अख्खं चर्च चालत आलं. पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर राख उडत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं असेल. मी विचारलं नाही.

त्यांनी ताट आधी आत्यापुढे धरलं. आत्यानं हात जोडले.

म्हणाली, नाही पाळकसाहेब, आता पुन्हा गाठ पडली. पाळकसाहेबांनी विचारलं कसली गाठ, आणि पाच बायकांनी एकदम मिठाची हकिकत सांगितली, वर्षासकट. मला त्यांची दया आली. इतकं शिकून आलेला माणूस, पण ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नसणार. ते ताट धरून तसेच उभे राहिले. निघून गेले नाहीत, घाई केली नाही, उपदेश केला नाही. त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

मोर्शीवालींनी मिठाचा डबा उचलला. मला वाटलं, संपलं, आता या टाकणार. त्यांनी डबा आत्याच्या मांडीवर ठेवला.

"तूच टाक, नाईतर नको टाकू. तू करशील ते मी खाईन."

"अन् बोलशील," आत्या म्हणाली.

"बोलीन. पण इथंच बोलीन, घरी घेऊन नाई जाणार. तूही नको नेऊ."

आत्यानं बराच विचार केला. रस्सा उकळत होता. मंडळी उभी होती. मग ती उठली, पुन्हा हात धुतले, कोरड्या पदराला पुसले आणि भाकरीचा तुकडा घेतला. मोर्शीवाली तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून. प्याला घेतल्यावर आत्या डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली की दुसऱ्या एका बाईनं पुढे होऊन झारा घेतला, नाहीतर रस्सा खालून लागला असता.

मीठ तिनं टाकलं नाही. रस्सा खरोखरच अळणी होता. पंगतीत पानोपानी लोक मीठ मागत होते. मोर्शीवाली आत्याच्या समोर बसून दोनदा वाढून घेऊन जेवल्या, आणि शेवटी पानावरून उठताना म्हणाल्या की कमीच होतं. आत्या मान डोलावून म्हणाली, हाव. दोघी भांडी घासायला गेल्या.

मला त्या दिवशी कळलं ते असं: तयार राहणं म्हणजे डाग न पडणं नाही. ते कुणाला जमणार. डाग पडला की जिथं पडला तिथंच, त्याच चुलीशी, धुऊन टाकणं. प्रभू भांडणाच्या मधोमध आला तरी चालेल, फक्त भांडण बांधून घरी नेलेलं सापडू नये. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर आधी आत्याला विचारून लिहिलं असतं.

पण हा मजकूर मी त्यासाठी लिहीत नाही. कमिटीची बैठक झाली. कमिटीला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि कमिटीनं ठराव केला. पुढच्या वर्षी दार लावायचं नाही. त्याऐवजी बायकांनी पहाटेच चूल पेटवावी, म्हणजे नऊला त्या मोकळ्या होतील. म्हणजे अन्याय तोच, फक्त अंधारात. ठराव एकमतानं झाला. चहावाल्या बाई तेव्हा चहा आणायला गेल्या होत्या.

म्हणून हे वाचणाऱ्या पंचांनो, सेक्रेटरीकाका, वडीलमंडळी, गायनातल्या दादांनो, तुम्हाला सांगते. येत्या एक जानेवारीला उपदेश संपला की कोट काढा, बाह्या वर करा, मागच्या अंगणात या. बायकांच्या हातातला झारा घ्या आणि त्यांना आत पाठवा, शेवटच्या बाकावर नाही, पहिल्या. त्या प्रभुभोजन घेऊन परत येईपर्यंत रस्सा तुम्ही ढवळा. आणि त्यांना विचारल्याशिवाय मीठ टाकू नका.